दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ स्वतः कसा काढायचा

मुंबई ते दिल्ली किती लांब, या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. रस्त्याने साधारण १,४०० किलोमीटर, रेल्वेने १,३८० च्या आसपास आणि हवाई १,१३८. वेळेचंही तसंच आहे. तिकिटावर सव्वादोन तास छापलेले असतात, पायलट घोषणा करतो एक तास पंचेचाळीस मिनिटांची, आणि एखादी वेबसाइट छातीठोकपणे दोन तास सांगते. कुणीच खोटं बोलत नाही, फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो.

अंतर आणि वेळ या दोन गोष्टी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवा. दोन विमानतळांमधलं अंतर कायमचं ठरलेलं असतं आणि ते कागद-पेन्सिल किंवा फोनवरचा कॅल्क्युलेटर घेऊन काढता येतं. वेळ मात्र विमान, वारा, ऋतू, धावपट्टीवरची गर्दी आणि देशादेशांमधले संबंध यांवर हलतो. म्हणून आधी अंतर पक्कं करायचं आणि मग त्यावर वेळेचा हिशेब चढवायचा.

आधी विमानतळ ठरवा

हवाई अंतर शहरापासून शहरापर्यंत मोजत नाहीत, विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतात. एकाच शहराला दोन विमानतळ असले की इथेच पहिली चूक होते.

गोव्याचं उदाहरण घ्या. मुंबई (सांताक्रूझ-सहार) ते दाबोळी हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे ४२५ किलोमीटर आहे. मुंबई ते मोपा मात्र सुमारे ३८७. मोपाहून प्रवासी विमानं जानेवारी २०२३ पासून उडू लागली, तोपर्यंत गोवा म्हणजे दाबोळीच होतं. त्यामुळे जुन्या तक्त्यांमध्ये ‘मुंबई-गोवा’ म्हणून दाबोळीचाच आकडा दिसतो. हवेत हा ३८ किलोमीटरचा फरक तीन-चार मिनिटांचा. जमिनीवर मात्र पेडण्याला जाणाऱ्याने दाबोळीचं तिकीट काढलं किंवा मडगावच्या माणसाने मोपाचं, तर टॅक्सीत दीड-दोन तास आणि बरेच पैसे जातात.

मुंबईचीही आता तीच गत आहे. नवी मुंबईचा उलव्याजवळचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन त्याच डिसेंबरात प्रवाशांसाठी सुरू झाला. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरच आहेत, म्हणून हवाई अंतराच्या हिशेबात फारसं बिघडत नाही. तिकिटावरचा कोड वाचायची सवय मात्र लावून घ्या. सांताक्रूझ-सहारचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. गोव्यात दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. लंडनसाठी एलओएन लिहिलं असेल तर तो शहराचा कोड आहे, त्यात हिथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे सगळे येतात. हिशेबाला एलएचआर किंवा एलजीडब्ल्यू असा नेमका विमानतळच लागतो.

नावांच्या घोळाकडेही लक्ष असू द्या. हैदराबाद तेलंगणात आहे तसं सिंधमध्येही आहे. औरंगाबाद नावाचं शहर बिहारातही आहे. नकाशावर नुसतं नाव टाकलं की भलतीच खूण उमटते, आणि उत्तर तरीही विश्वासार्ह वाटतं.

अक्षांश-रेखांश उतरवताना

विमानतळाचे अक्षांश-रेखांश नकाशाच्या अ‍ॅपवर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की मिळतात. दोन दशांश स्थळं पुरतात, कारण दुसऱ्या दशांश स्थळातला एक म्हणजे फार तर एक किलोमीटर. या लेखातल्या हिशेबांसाठी हे आकडे घ्या:

मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व
नागपूर: २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व
लंडन हिथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम
न्यूयॉर्क केनेडी: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम

दोन चुका इथे इतक्या नेमाने होतात की उत्तर विचित्र आलं तर आधी याच शोधाव्या. पहिली: अंश-मिनिटांना दशांश समजणं. दिल्लीचा अक्षांश २८ अंश ३४ मिनिटं आहे. अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ३४ भागिले ६०, म्हणजे २८.५७. थेट २८.३४ लिहिलं तर दिल्लीचा विमानतळ पंचवीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

दुसरी चूक पश्चिमेच्या खुणेची. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे असतात. न्यूयॉर्कचं उणे चिन्ह विसरलात तर तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाऊन पडतं आणि मुंबईपासून जेमतेम २,४०० किलोमीटर भरतं. इतकी मोठी चूक निदान लगेच दिसते. लंडनची लपून राहते, कारण ०.४६ अधिक काय नि उणे काय, उत्तर काही टक्क्यांतसुद्धा हलत नाही. मग तीच चुकीची पद्धत पुढच्या शहराला लावली जाते.

जवळच्या शहरांसाठी शाळेतला पायथागोरस पुरतो

दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत पृथ्वीचा गोलवा विसरला तरी चालतो. भारतातल्या बहुतेक जोड्या यात बसतात. रीत अशी:

अक्षांशांमधला फरक गुणिले १११.२, हे झालं उत्तर-दक्षिण अंतर किलोमीटरमध्ये. रेखांशांमधला फरक गुणिले १११.२ गुणिले दोन्ही अक्षांशांच्या सरासरीचा कोसाइन, हे झालं पूर्व-पश्चिम अंतर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, आणि तिचं वर्गमूळ.

मुंबई-दिल्ली: अक्षांशांतला फरक ९.४८, म्हणून १,०५४ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.२३, सरासरी अक्षांश २३.८३, त्याचा कोसाइन ०.९१५, म्हणून ४३० किलोमीटर. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की १,१३८. गोलाच्या पूर्ण सूत्रानेही हाच आकडा येतो.

कोसाइनने गुणायचं कारण सोपं आहे. रेखावृत्तं विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत मिळून जातात. म्हणजे एक अंश रेखांश श्रीलंकेत जितका रुंद, तितका काश्मीरमध्ये नाही. हा गुणाकार विसरला तर मुंबई-दिल्लीत सोळा किलोमीटरच वाढतात, कारण ती वाट मुख्यतः उत्तरेकडची आहे. मुंबई-नागपूर मात्र जवळजवळ पूर्व-पश्चिम. तिथे खरं अंतर ६८३ किलोमीटर, आणि कोसाइनशिवाय ते ७२२ होतं. जितकी वाट आडवी, तितकी चूक मोठी.

नागपूरची गंमत जाता जाता पाहण्यासारखी आहे. रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर, आणि भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१. हवाई अंतराच्या इतका जवळ जाणारा लांब पल्ल्याचा रस्ता विरळाच. म्हणून ‘रस्त्याच्या अंतरातून पंधरा-वीस टक्के वजा करा म्हणजे हवाई अंतर’ या जुन्या अंदाजावर विसंबू नका. घाट, नद्या आणि रस्त्याचं वय यांनुसार तो कुठेही घसरतो.

लांबच्या शहरांसाठी गोलाचं सूत्र

लंडनला पायथागोरस लावून पाहा: ७,५६८ किलोमीटर येतात. खरं अंतर ७,२१३. साडेतीनशे किलोमीटरची ही चूक म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटांचं उड्डाण.

गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे ज्या वर्तुळाचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या केंद्राशी जुळतो त्याच्या कंसावरून. त्याचं सूत्र:

कोसाइन(क) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

यातून ‘क’ हा कोन अंशांत काढायचा आणि १११.१९ ने गुणायचं. (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की एका अंशाचा कंस एवढा भरतो.)

मुंबई-लंडन: साइनचे दोन आकडे ०.३२७१ आणि ०.७८२३, गुणाकार ०.२५५९. कोसाइनचे ०.९४५० आणि ०.६२२९. रेखांशांतला फरक ७२.८७ अधिक ०.४६, म्हणजे ७३.३३, कारण एक पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला. त्याचा कोसाइन ०.२८६८. तिघांचा गुणाकार ०.१६८८. बेरीज ०.४२४७. उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) घेतला की ६४.८७ अंश, आणि १११.१९ ने गुणून ७,२१३ किलोमीटर.

कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, हे आधी बघा. रेडियनवर असेल तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. एक्सेल तर कायम रेडियनमध्येच गणित करतं. तिथे प्रत्येक कोन रेडियन्सच्या फंक्शनमधून काढूनच सूत्रात टाकावा लागतो.

या सूत्राची एक दुखरी जागा आहे. शहरं अगदी जवळ असली, मुंबई-पुण्यासारखी, तर कोसाइन ०.९९९ च्या पुढे जातो आणि चौथ्या दशांशावर गोळाबेरीज केली की अंतर दहा-वीस किलोमीटरने इकडचं तिकडे होतं. म्हणून जवळच्या जोड्यांना पायथागोरसच बरा. संगणकावर दोन्हींची सोय म्हणून हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात. बहुतेक अंतरमापक वेबसाइटच्या पोटात तेच असतं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या सगळ्या पद्धतींत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. दोन वेबसाइट ७,२०५ आणि ७,२१३ असे वेगळे आकडे देत असतील तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एककांवर मात्र वाद घाला. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत असतं, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अमेरिकी वेबसाइट साधे मैल देतात, १.६०९ किलोमीटरचे. मुंबई-दिल्ली १,१३८ किलोमीटर, ७०७ मैल आणि ६१४ सागरी मैल हे एकच अंतर आहे.

पडताळायला संगणकावर गूगल मॅप्समध्ये पहिल्या विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्यावर टिचकी मारा. लांबच्या जोडीत रेषा वाकडी उमटेल. सपाट नकाशावर बृहद्वृत्त तसंच दिसतं. मुंबई-न्यूयॉर्कचं बृहद्वृत्त (सुमारे १२,५३० किलोमीटर) मुंबईहून वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे कललेलं निघतं आणि नॉर्वे-आइसलंडवरून जातं, जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, दोरा आपोआप तीच वाट धरेल.

विमान त्या रेषेवरून जात नाही

इथवर आलेला आकडा म्हणजे कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात विमान त्याहून जास्त उडतं. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार ठरते, म्हणून उत्तरेला जाणारं विमानही पश्चिमेकडे तोंड करून, समुद्रावरून वळसा घेत निघतं. पुढे ते ठरलेल्या हवाई मार्गांवरून, पाच अक्षरी नावांच्या बिंदूंना धरून जातं, आणि उतरताना पुन्हा रांगेत लागण्यासाठी फिरतं. भारतातल्या उड्डाणांसाठी सरळ अंतरात ८ टक्के मिळवावे. फारच जवळच्या, चार-पाचशे किलोमीटरच्या उड्डाणाला १२ टक्केही कमी पडतात, कारण वळसे तेवढेच राहतात आणि मूळ अंतर लहान असतं. लांबच्या पल्ल्यासाठी ३ ते ५ टक्के पुरतात, वाट मोकळी असेल तर.

वाट मोकळी असणं हाच सध्याचा मोठा प्रश्न आहे. मुंबई-लंडनची सरळ रेषा नकाशावर बारकाईने पाहा. ती सौराष्ट्रावरून निघून कराचीजवळून जाते, मग बलुचिस्तान, इराण, आर्मेनिया-जॉर्जियाचा टापू, क्रिमिया आणि युक्रेन. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द एप्रिल २०२५ मध्ये बंद केली आणि भारताने त्याच महिन्यात तसंच उत्तर दिलं. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै अशी बंदी होती. इराण-इराकवरची वाट तिथल्या परिस्थितीनुसार उघडते आणि मिटते.

मुंबईला याचा फटका दिल्लीइतका बसत नाही. मुंबईहून विमान अरबी समुद्र ओलांडून ओमानकडे सरळ जाऊ शकतं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानाला आधी गुजरातच्या बाजूने दक्षिणेला उतरून मगच पश्चिमेला वळावं लागतं. त्यामुळे दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. परदेशी कंपन्यांना ही बंदी लागू नसल्याने त्याच दोन शहरांमध्ये त्यांचं विमान कमी वेळ घेऊ शकतं. तिकीट काढताना कंपनीनुसार वेळ वेगळा दिसतो, त्याचं हे एक कारण. मुंबई-लंडनसाठी म्हणून ५ नव्हे, ७ टक्के धरा: सुमारे ७,७२० किलोमीटर.

आता वेळ

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर दाराशी थांबतं तिथपर्यंत. पायलट सांगतो तो चाकं जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ. दोन्हींत सहज अर्ध्या तासाचा फरक पडतो.

वेग विमानाच्या जातीवर असतो. देशांतर्गत मार्गांवरची एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातात. उंचावर, उणे ५६ अंशांच्या थंडीत, ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर असतो, म्हणजे विमानाचा सुमारे ८३०. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांचा ०.८५, म्हणजे ९०० किलोमीटर. पंख्यांचं एटीआर ७२ मात्र ताशी ५०० च. लहान शहरांच्या उड्डाणांचा वेळ ‘इतका कसा’ असं वाटलं तर आधी विमान कोणतं ते बघा.

हा वेग पूर्ण वाटभर मिळत नाही. ३५,००० फुटांवर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा पायलटांचा ढोबळ नियम. म्हणजे ३५,००० फुटांवरून उतरायला १०५ सागरी मैल, जवळजवळ १९५ किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. विमानतळाच्या दोनशे किलोमीटर आधीच इंजिनांचा आवाज बदलतो तो याचमुळे. या चढ-उताराची एकूण नुकसानी जेट विमानाला सुमारे १२ मिनिटांची धरा.

मुंबई-दिल्लीचा पूर्ण हिशेब असा: १,१३८ अधिक ८ टक्के, म्हणजे १,२२९ किलोमीटर. ८३० ने भागून ८९ मिनिटं. चढ-उताराची १२. मुंबईत दारापासून धावपट्टीपर्यंत १८, दिल्लीत उतरल्यावर दारापर्यंत १०. एकूण १२९, म्हणजे २ तास ९ मिनिटं. हवेतली १०१ मिनिटं वेगळी काढली की पायलटच्या घोषणेच्या जवळचा आकडा मिळतो.

नागपूर: ६८३ चे ७३८ झाले, ५३ मिनिटं, अधिक १२, अधिक १८, अधिक ६, म्हणजे दीड तास. हेच एटीआरने गेलात तर दोन तासांच्या आसपास.

मुंबईच्या १८ मिनिटांवर कधीच पूर्ण भरवसा ठेवू नये. सांताक्रूझ-सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. संध्याकाळच्या गर्दीत रांग वाढते, आणि येणारी विमानं वर घिरट्या घालतात. अशी एक घिरटी साधारण चार मिनिटांची. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं, मुंबईत जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. कंपन्या हे ओळखून छापील वेळेत पाच-दहा मिनिटं जादा घालतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर मानलं जातं, आणि वेळेवर पोहोचण्याची टक्केवारी जाहीर होते. ‘उशिरा निघालो तरी वेळेवर पोहोचलो’ याचं रहस्य बहुतेकदा त्या जादा मिनिटांत असतं, पायलटच्या करामतीत क्वचितच.

अंतर भागिले ८०० अधिक अर्धा तास, एवढंच गणित बऱ्याच वेबसाइट करतात. मुंबई-दिल्लीला ते कसंबसं जमतं. न्यूयॉर्कला तासाभराने चुकतं, कारण त्यात वारा नाही.

वारा कुठून येतो ते पाहा

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला हवं, असा एक आवडता गैरसमज आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो फायदा मिळत नाही. प्रत्यक्षात घडतं उलटंच: मध्य अक्षांशांत उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून पूर्वेला जाताना वेळ कमी लागतो.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याची धार, वाहते. मुंबई-कोलकाता १,६६५ किलोमीटर, वळसे धरून सुमारे १,७८० पकडा. वाटेवर सरासरी ८० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा असेल तर जाताना जमिनीवरचा वेग ९१०, आणि १ तास ५७ मिनिटं. येताना ७५०, आणि २ तास २२ मिनिटं. पंचवीस मिनिटांचा फरक, म्हणून वेळापत्रकातही जाण्या-येण्याचे वेळ वेगळे छापलेले असतात. पावसाळ्यात हे जेट हिमालयापलीकडे सरकतं आणि दक्षिण भारतावर उंचावर उलटे, पूर्वेकडचे वारे सुरू होतात. तेव्हा हा फरक जवळजवळ मिटतो. मुंबई-दिल्लीवर वारा बाजूने येतो, म्हणून तिथे जाण्या-येण्यात फार तफावत नसते.

मुंबई-लंडनला सरासरी ६० किलोमीटरचा वारा धरून पाहा. जाताना ९०० वजा ६०, ७,७२० भागिले ८४०, म्हणजे ९ तास ११ मिनिटं. चढ-उतार आणि जमिनीवरची मिळून ४७ मिनिटं घातली की ९ तास ५८ मिनिटं. येताना ९६० ने भागून ८ तास ३ मिनिटं, अधिक ४७, म्हणजे ८ तास ५० मिनिटं. वाऱ्याचा आकडा तुम्ही धरलेला आहे, हे विसरू नका. कडक हिवाळ्यात तो शंभरावर जातो आणि लंडनला जाताना साडेदहा तासही लागतात.

तिकिटावरची घड्याळं

तिकिटावर निघण्याची वेळ निघणाऱ्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावची असते. मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईला ११:४५ ला पोहोचणारं विमान पावणेदोन तासांत १,९२६ किलोमीटर जात नाही. दुबई दीड तास मागे आहे, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा.

लंडनला हिशेब ऋतूनुसार बदलतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, पण तिथली घड्याळं वेगळ्या तारखांना सरकतात: मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले ते मधले आठवडे नातेवाइकांना विमानतळावर तासभर आधी किंवा नंतर उभं करतात.

हिशेबाची खात्रीची रीत एकच: सगळं आधी निघणाऱ्या गावच्या वेळेत करा. दुपारी २ ला मुंबई सोडली, १० तास, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२. उन्हाळ्यात साडेचार वजा करून लंडनला संध्याकाळचे ७:३०, हिवाळ्यात ६:३०. परतीला लंडनहून रात्री ९ ला, ८ तास ५० मिनिटं, तिथल्या घड्याळात पहाटेचे ५:५०, उन्हाळ्यात मुंबईत सकाळचे १०:२०. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी छोटं ‘+१’ असतं, म्हणजे दुसरा दिवस. न्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना ते बघूनच सांगा.

शेवटी, काढलेला वेळ पडताळून घ्या. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष कधी निघालं, कधी उतरलं आणि कोणत्या वाटेने गेलं हे दिसतं. चार-पाच दिवसांचे वेळ पाहा, एकाच दिवसावर जाऊ नका. तुमचा आकडा दहा-पंधरा मिनिटांत जुळत असेल तर पद्धत बरोबर आहे. अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर तीन गोष्टी तपासा: विमान तुम्ही धरलेल्या जातीचंच आहे का, वाट एखादा देश टाळून जाते का, आणि ‘डायरेक्ट’ म्हणून विकलेलं उड्डाण मध्ये कुठे थांबतं का. डायरेक्टमध्ये उड्डाणाचा क्रमांक एकच असतो, पण मधला थांबा असू शकतो. न थांबता जायचं असेल तर ‘नॉनस्टॉप’ हाच शब्द शोधायचा.

मुंबईत विमान बदलणार असाल तर दोन उड्डाणांमधल्या वेळेचा हिशेब टर्मिनल पाहून करा. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारच्या बाजूला आहे, आणि त्यांच्यामध्ये रस्त्याने जावं लागतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान घेणं, टर्मिनल बदलणं, पुन्हा चेक-इन आणि सुरक्षा तपासणी धरून देशांतर्गतहून आंतरराष्ट्रीयला चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. पहिलं विमान नवी मुंबईला उतरणार असेल तर वाहतुकीचे आणखी दोन तास वर धरा.